वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम कुंड : कमी खर्चात घरच्यांचा एक दिवस

भात झोडून कणगीत पडलं, की घरातली पोरं विचारायला लागतात, आता कुठे जायचं? वॉटर पार्कचं नाव काढलं की आमच्यासारख्याच्या पोटात गोळा येतो. पाच माणसांच्या तिकिटात महिन्याचा किराणा येतो. त्यापेक्षा आपल्या जवळच, भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाला, निसर्गानं फुकटात पाणी तापवून ठेवलंय. वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावं एकमेकांना लागून आहेत. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं आणि सगळ्यात मोठा खर्च होतो तो एसटीचा. तोही नीट हिशेब केला तर वाटतो तेवढा नाही.

एसटीचा हिशेब

भिवंडी-वाडा रस्त्यानं येणाऱ्यांनी अंबाडी नाक्याला उतरून वज्रेश्वरीकडे वळायचं. वसई-विरारकडून येणाऱ्यांना शिरसाड फाट्यावरून रस्ता आहे. नाक्यावरून शेअर रिक्षा आणि टमटम मिळतात. वज्रेश्वरी ते गणेशपुरी हे अंतर दोनेक किलोमीटर. थंडीचे दिवस असले तर पोरं चालत जातात, म्हाताऱ्यांना तेवढं रिक्षात बसवायचं.

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं, पाचच्या आतल्यांना तिकीटच नाही. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. म्हणजे नवरा, बायको, शाळेत जाणारी दोन पोरं आणि सत्तरीची आई अशी पाच माणसं निघाली, तर पैसे तीनच तिकिटांचे पडतात. आजोबा ७८ वर्षांचे असतील तर तेही येतात, तिकिटं तीनच. ज्येष्ठांचं आधार कार्ड मात्र बरोबर हवं, नाहीतर कंडक्टरशी वाद घालण्यात अर्धा रस्ता जातो. ही सवलत एसटीचीच, खासगी गाडीत कोणी देणार नाही.

कुंडावर काय करायचं

या भागात गरम पाण्याचे वीसेक झरे आहेत. काही नदीच्या पात्रातच आहेत, काहींना दगडी बांध घालून कुंड केलेत. सूर्य, चंद्र, अग्नी, राम, लक्ष्मण, सीता अशी त्यांना नावंही आहेत. अकलोलीचे कुंड नदीला लागून आहेत. गणेशपुरीत भीमेश्वराच्या देवळापाशी आहेत. उघड्या कुंडात उतरायला पैसे लागत नाहीत. आजूबाजूला लॉजवाल्यांची न्हाणीघरं आहेत, तिथे पाइपानं आणलेलं गरम पाणी टबात सोडतात आणि त्याचे पैसे घेतात. आत शिरण्याआधी भाव ठरवून घ्या, आणि तो माणशी आहे की खोलीचा हेही विचारा. बाहेर आल्यावर वाद नको.

घरात बायकामाणसं असतील तर माझं मत स्पष्ट आहे, तिथे पैसे वाचवू नका. रविवारच्या गर्दीत उघड्या कुंडावर लुगडं बदलायला आडोसा मिळत नाही, आणि घरातली बाई दिवसभर पदर सावरत काठावर बसून राहिली तर तिची कसली सहल? एक खोली तासाभरासाठी घ्या, सगळ्या बायका पाळीपाळीनं निवांत अंघोळ करतील. बाप्ये आणि पोरं उघड्यावर बिनपैशात. पोहायला बरोबर जुने कपडे घ्या, पाण्याला गंधकाचा वास असतो आणि तो कपड्यात राहतो. साबण, शाम्पू, तेल कुंडात वापरू नका. दुसऱ्यालाही तिथेच उतरायचं असतं.

आईच्या पायाची गोष्ट

आता जे सांगतो ते जरा लक्ष देऊन वाचा. तीन वर्षांपूर्वी मी आईला घेऊन गेलो होतो. तिला शुगर आहे, गुडघे दुखतात. कोणीतरी सांगितलं, कुंडात पाय सोडून बसल्यावर गुडघे मोकळे होतात. ती काठावर बसली, पाय आत सोडले आणि शेजारणीशी गप्पा मारत राहिली. "बरं वाटतंय गं," म्हणत होती. मी पोरांकडे बघत होतो. वीस मिनिटांनी पाय वर काढले तर दोन्ही पावलं लाल, आणि रात्री घरी आल्यावर टपोरे फोड. तिला चटका लागला होता, पण कळलाच नव्हता. जुन्या मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. जखम भरायला दोन महिने लागले. भाताची लावणी तोंडावर आणि मी तिला घेऊन ड्रेसिंगच्या फेऱ्या मारत होतो.

इथलं पाणी काही कुंडांत ५० अंशांच्या आसपास असतं. एवढ्या गरम पाण्यात काही मिनिटांत कातडी भाजते, लहान मुलांची तर त्याहून लवकर. आणि प्रत्येक कुंड सारखं नसतं, शेजारच्या दोन कुंडांतही फरक असतो. म्हणून आधी स्वतःचा हात घाला, कोपरानं बघितलंत तर अजून चांगलं. शुगरवाल्या माणसानं स्वतःच्या पायावर विश्वास ठेवू नये, दुसऱ्या कोणाच्या तरी हातानं पाणी तपासून घ्यावं. दहा-पंधरा मिनिटांत बाहेर या, सावकाश उठा. गरम पाण्यातून एकदम उभं राहिलं की चक्कर येते, बीपीच्या गोळ्या चालू असतील त्यांना जास्त. हृदयाचा त्रास असलेले, गरोदर बाया, अंगावर जखम किंवा ताप असलेला माणूस, यांनी कुंडात उतरू नये. जेवून लगेच किंवा दारू पिऊन तर अजिबात नको.

भाजलंच तर साध्या नळाच्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही लावू नका. स्वच्छ फडकं टाकून दवाखाना गाठा. फोड फोडू नका.

आणखी एक, मुलांना कुंडात बुड्या मारू देऊ नका आणि नाकात पाणी जाऊ देऊ नका. कोमट गोड्या पाण्यात क्वचित एक अमिबा असतो. तो नाकावाटे मेंदूपर्यंत गेला तर माणूस वाचणं कठीण. फार दुर्मीळ आहे, पण डोकं पाण्याबाहेर ठेवायला काय पैसे पडतात?

या पाण्यानं खरूज, नायटा, संधिवात मुळापासून जातो असं सांगणारे तिथे भेटतील. उबेनं स्नायू सैल होतात, दुखणं तात्पुरतं कमी वाटतं, हे खरं. त्यापुढे डॉक्टरची गोळी बंद करू नका.

पाणी गरम का?

पोरं हे विचारणारच, आणि उत्तर फुकट आहे. शाळेत ज्वालामुखी शिकलेलं पोरगं म्हणेल खाली ज्वालामुखी आहे. तसं नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल उतरतं. जमिनीत जसजसं खाली जावं तसं तापमान वाढतं, साधारण किलोमीटरमागे २५ ते ३० अंशांनी. तिथे पाणी तापतं आणि दुसऱ्या भेगेनं दाबानं वर येतं. वाटेत खडकातले क्षार आणि गंधकही घेऊन येतं. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत कोकणात असे झरे एका पट्ट्यात आहेत, आणि दापोलीच्या उन्हवऱ्याचं पाणी ७० अंशांच्या घरात जातं.

देवळातल्या गोष्टीत मात्र हे पाणी देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त आहे. आजीला ती सांगू द्या, पोरांना दोन्ही आवडतात. फक्त घरातला तापाचा थर्मामीटर घेऊन येऊ नका. तो ४२ अंशांपर्यंतच असतो, कुंडात घातला तर फुटायचा.

देऊळ आणि गणेशपुरी

वज्रेश्वरीचं देऊळ लांबून किल्ल्यासारखं दिसतं. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर हे देऊळ बांधवलं, असं सांगतात. ५२ पायऱ्या आहेत. चढताना पोरांना एक काम द्या, पायरीवरचं कासव शोधायला सांगा. गाभाऱ्यात वज्रेश्वरीबरोबर रेणुका आणि कालिकाही आहेत. गुडघ्याच्या माणसाला पायऱ्या जड जातात, त्यांनी खाली बसून दर्शन घेतलं तरी चालतं, देवी काही रागावत नाही.

गणेशपुरी आहे ती भगवान नित्यानंदांमुळे. ८ ऑगस्ट १९६१ रोजी त्यांनी देह ठेवला, समाधी मंदिर तिथेच आहे. दर्शन फुकट, सावली भरपूर, पाय पसरून बसायला जागा. बाहेरच्या राज्यांतून लोक येतात, परदेशीही दिसतात. पण गुरुपौर्णिमेला आणि पुण्यतिथीला लहान पोरं घेऊन जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. तसंच चैत्र अमावास्येच्या सुमाराला वज्रेश्वरीची यात्रा भरते. यात्रेची हौस असेल तर जरूर जा, पण त्या दिवशी कुंडात निवांत बसायचं विसरा.

खायचं काय, जायचं कधी

घरून भाकऱ्या, लाल चटणी आणि उकडलेली अंडी नेली की जेवणाचा प्रश्न मिटला. देवळाच्या जवळ नॉनव्हेज डबा उघडू नका एवढंच. रस्त्याकडेला आदिवासी बाया बसतात, हंगामाप्रमाणे काकडी, रताळी, करवंदं, ताडगोळे असतात. पाच-दहा रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करू नका. आपणही बाजारात भाजी घेऊन बसतो, त्यामुळे ती घासाघीस कशी लागते हे आपल्याला ठाऊक आहे.

डिसेंबर-जानेवारीची थंडी सगळ्यात उत्तम, पहाटे कुंडावर वाफ दिसते. रविवार टाळून मधल्या वारी गेलात तर अर्धी गर्दी. उन्हाळ्यात दुपारी गरम पाण्यात बसणं हा शहाणपणा नाही, तेव्हा सकाळी आठच्या आत उरका. पावसाळ्यात जाऊच नका. तानसेला पूर आला की काठचे झरे पाण्याखाली जातात, पात्र कुठे खोल झालंय कळत नाही. वर पाऊस झाला की इथे ऊन असतानाही पाणी वाढतं. पोरांना नदीत उतरवणं तर बाराही महिने धोक्याचं, कुंड वेगळं आणि डोह वेगळा.

पलीकडच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांनी एवढ्या लांब यायची गरज नाही. रायगडात पालीजवळ उन्हेरे आहे, रत्नागिरीत तुरळ-राजवाडी, जळगावात चोपड्याकडे उनपदेव, नांदेडात किनवटकडे उनकेश्वर. या बऱ्याच नावांत 'ऊन' लपलेलं आहे, गावांना नावं देणाऱ्यांनी पाण्यात हात घालून मगच नाव ठेवलं असणार.

वज्रेश्वरीला उतरल्या उतरल्या पहिलं काम करा, परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते कंडक्टरला विचारून घ्या. ती चुकली तर रिक्षावाला जे मागेल ते द्यावं लागतं, आणि मग स्वस्तातली सहल स्वस्त राहत नाही.