राब, वणवा आणि सरकारी मुदत

चैत्र-वैशाखात कोकणातल्या आणि मावळातल्या भातशेतकऱ्याला विस्तव लागतोच. पाऊस येण्याआधी रोपाची जागा भाजून ठेवायची असते. जमिनीवर आधी शेण पसरायचं, त्यावर ऐनाची वाळलेली टहाळं, मग गवत आणि पातेरा, आणि सगळ्यांत वर बारीक मातीचा थर. मातीमुळे जाळ भडकत नाही, धुमसत राहतो. वारा पडलेला बघून, वाऱ्याच्या उलट्या अंगाने पेटवायचं. मृगाचा पाऊस झाला की त्याच राखेत भाताचं बी टाकायचं. याला राब म्हणतात. तण मरतं, रोप जोमाने वर येतं आणि लावणीला वेळेवर तयार होतं.

नेमक्या याच दिवसांत सह्याद्रीचं रान खडखडीत वाळलेलं असतं. शेताचा बांध संपला की जंगलाची हद्द सुरू होते, आणि एक ठिणगी हद्द ओळखत नाही. त्यामुळे गेली दीडशे वर्षं इथल्या शेतकऱ्यापुढे दर उन्हाळ्यात एक प्रश्न उभा राहतो: आत्ता जाळायला मनाई आहे का, आणि ते सांगणार कोण?

हा प्रश्न इंग्रजी अमदानीत जन्मला. रेल्वेच्या रुळांखाली घालायला लाकूड हवं होतं, जहाजांना साग हवा होता, आणि १८६४ साली वनखातं स्थापन करून डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाला त्याचा पहिला प्रमुख नेमण्यात आलं. युरोपीय वनविद्येत आग म्हणजे शत्रू. त्याच दशकात मध्य प्रांतातल्या होशंगाबादजवळच्या बोरीच्या जंगलात कर्नल पीअरसन यांनी वणवा रोखण्याचा प्रयोग केला. तो यशस्वी झाला आणि 'आगीपासून संरक्षण' हे देशभरच्या वनखात्याचं ब्रीद बनलं. १८६५ साली पहिला वन कायदा आला, १८७८ साली त्याहून कडक दुसरा आला. या दुसऱ्या कायद्याने जंगलांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग पाडले. राखीव जंगलात आग लावणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्या काळच्या शेतकऱ्याला पाचशे रुपये म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

या कायद्यातली एक बारीक गोष्ट मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. अमुक महिन्यांत विस्तव पेटवायला बंदी, असं कलम म्हणत नाही. वन अधिकारी जे हंगाम जाहीर करील तेवढे सोडून राखीव जंगलात विस्तव पेटवणं, ठेवणं किंवा नेणं हा गुन्हा, असं ते म्हणतं. म्हणजे मनाई कायमची, आणि मोकळीक तेवढी जाहीर व्हायची. माणसाने शोधून काढायचं ते बंदी कधी लागली हे नव्हे, तर ती कधी उठली हे. १९२७च्या कायद्यातही, जो दुरुस्त्यांसह आज लागू आहे, हीच रचना कायम राहिली.

बरं, ही मोकळीक कळणार कशी? जंगल राखीव करण्याआधी आसपासच्या प्रत्येक गावात स्थानिक भाषेत जाहीरनामा प्रसिद्ध करावा, असं हाच कायदा स्पष्ट बजावतो. लोकांनी आपले हक्क मुदतीत नोंदवावेत म्हणून ती तजवीज. विस्तवाच्या हंगामाबद्दल त्या कलमात फक्त 'जाहीर करील' एवढंच आहे, कुठे, कोणत्या भाषेत, किती दिवस आधी, हे काही नाही. १९०१च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभरातली जेमतेम पाच माणसं साक्षर निघाली. चावडीवर कागद डकवला तरी तो वाचणार कोण? गावाला कळायचं ते दवंडीने, नाहीतर दारात येऊन उभ्या राहिलेल्या जंगलाच्या शिपायाच्या तोंडून. नियम ज्याच्या तोंडून कळतो, त्याच्या मर्जीवर माणूस अवलंबून राहतो. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून काढलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जंगलखात्याने गावची राने आणि कुरणे गिळल्याची जी तक्रार आहे, ती याच काळातली आहे.

राबाचं दुखणं दुहेरी होतं. आग लावायची पंचाईत, आणि आगीसाठी टहाळ तोडायचीही पंचाईत. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ओरड इतकी वाढली की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली आला आणि त्यात राबाला मोठी जागा मिळाली. राब ही अडाणी आणि उधळी रीत आहे, असं अनेक वन अधिकाऱ्यांचं ठाम मत होतं. शेतीखात्याचे संचालक ओझॅन यांनी मात्र लोणावळ्याला प्रत्यक्ष वाफे करून पाहिले, आणि भाजलेल्या वाफ्यातली रोपं सरस ठरली. इंग्लंडहून हिंदुस्थानची शेती तपासायला आलेले रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनीही १८९३च्या अहवालात शेतकऱ्याची बाजू उचलून धरली. पुढे १९१२ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. राखेबरोबर मातीला बसणारी धगही काम करते, हे त्यांनी दाखवलं. खेड्यातल्या माणसाला हे ठाऊकच होतं. फक्त ते कागदावर यायला तीस वर्षं गेली.

डोंगरउतारावर दळी करणाऱ्या कातकऱ्यांची आणि ठाकरांची गत याहून वाईट. झाडोरा तोडायचा, वाळवायचा, जाळायचा आणि राखेत नाचणी, वरी पेरायची, अशी त्यांची शेती. त्यांना ठराविक तुकडे आखून देण्यात आले आणि बाकीचं रान बंद झालं. रायगड जिल्ह्यातल्या दळी जमिनींच्या हक्काचे दावे २००६च्या वनहक्क कायद्यानंतरही चालूच राहिले.

वनखात्याच्या आतही आगीबद्दल एकमत नव्हतं, हे फार कमी सांगितलं जातं. १८९६ साली 'इंडियन फॉरेस्टर' या खात्याच्याच नियतकालिकात स्लेड नावाच्या अधिकाऱ्याने ब्रह्मदेशातल्या सागाबद्दल लिहिलं, की तिथे आगीपासून संरक्षण जरा जास्तच होतंय. आग पूर्ण थांबवली की खाली झुडपं आणि बांबू माजतात आणि सागाचं रोप उजेडावाचून मरतं. सालाच्या जंगलांतही तोच अनुभव आला. मग हंगामाच्या सुरुवातीला, गवत पुरतं वाळण्याआधी, खात्यानेच बेताने जाळायची पद्धत आली. जाळरेषा तर आजही काढतात: थंडीत ठराविक रुंदीचे पट्टे साफ करून जाळून टाकायचे, म्हणजे उन्हाळ्यातला वणवा त्या पट्ट्यापाशी अडतो. मेळघाट आणि ताडोब्याच्या रानात हे दर वर्षीचं काम आहे. गावकऱ्याला खात्याचा धूर दिसतो आणि आपल्या धुराला गुन्हा म्हणतात, हेही दिसतं. शास्त्रीय कारण असतं, पण ते त्याला कुणी समजावून सांगत नाही.

१९२७च्या कायद्यातली आणखी एक तरतूद गावाला थेट भिडते. राखीव जंगलात मुद्दाम किंवा घोर हलगर्जीपणाने आग लागली, तर तिथले चराईचे आणि वनोपजाचे सगळे हक्क सरकार हवा तितका काळ तहकूब करू शकतं. एकाच्या विडीची शिक्षा गावाच्या गुरांना. उलट, जंगलात हक्क असलेल्या प्रत्येकाने आगीची खबर द्यायची आणि ती विझवायला धावायचं, हे त्याच कायद्याने त्याच्यावर टाकलेलं कर्तव्य.

आज महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरला जातो. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात तो याच दिवसांत, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून झुडपं जाळतात तीही याच दिवसांत. विचारायचं असेल तर बीटाचा वनरक्षक, परिक्षेत्र कार्यालय आणि १९२६ हा वनखात्याचा टोल फ्री क्रमांक आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून आगी टिपते. नोंदणी केलेल्या कुणालाही मोबाइलवर इशारा मिळतो. पण उपग्रह सांगतो ते लागलेल्या आगीबद्दल. उद्या सकाळी बांधालगतचा राब पेटवू का, याचं उत्तर अजूनही माणसालाच विचारावं लागतं. शहरात निदान हा गोंधळ नाही: राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला बाराही महिने बंदी घातली, साध्या प्रकाराला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव या कोड्याला वेगळ्या बाजूने भिडलं. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर गावाने आपल्या जंगलाचे नियम स्वतः बसून ठरवले. तेंदूपत्ता हे हुकमी पैशाचं पीक. पण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात आणि आगी लावल्या जातात, म्हणून ग्रामसभेने ते घ्यायचंच नाही असा निर्णय केला आणि बांबूच्या उत्पन्नावर भिस्त ठेवली. तिथे मनाई लागू आहे का, हे विचारायला कुणाला परिक्षेत्र कार्यालय गाठावं लागत नाही. ती घालणाऱ्यांमध्ये तो स्वतः बसलेला होता.