एडीबी स्क्रीनकॅप

अँड्रॉइड फोनच्या पडद्याचे चित्र संगणकावरून आज्ञा देऊन टिपण्याची पद्धत. गूगलचे ‘अँड्रॉइड डीबग ब्रिज’ (एडीबी) हे मोफत साधन आणि फोनमधलाच ‘स्क्रीनकॅप’ हा छोटा प्रोग्रॅम मिळून हे काम करतात. बहुतेक फोनांत सेटिंगमधील बिल्ड क्रमांकावर ७ वेळा बोट टेकवले की डेव्हलपर पर्याय खुले होतात. तेथे यूएसबी डीबगिंग चालू करून केबल जोडतात. अँड्रॉइड ४.२.२ पासून नव्या संगणकाला फोनच्या पडद्यावर परवानगी द्यावी लागते. ही खबरदारी योग्यच आहे, कारण एडीबीच्या हाती फोनचा बराचसा कारभार जातो.

चित्र पीएनजी स्वरूपात मिळते. ते थेट संगणकावरील फाइलमध्ये वळवायचे असल्यास ‘एडीबी शेल’ऐवजी ‘एडीबी एक्झेक-आउट’ वापरावे. जुन्या फोनांत शेलमार्गे येताना ओळ संपल्याच्या प्रत्येक खुणेआधी एक जादा बाइट घुसतो; मजकुराचे त्याने फारसे बिघडत नाही, चित्राची फाइल मात्र उघडतच नाही. बँकांच्या अनेक अ‍ॅपप्रमाणे ज्यांनी स्क्रीनशॉटला मज्जाव केला आहे, त्यांचे पडदे याही वाटेने टिपता येत नाहीत. अ‍ॅपची चाचणी घेणाऱ्यांना आणि माहितीपुस्तिका रचणाऱ्यांना ही पद्धत विशेष उपयोगी पडते: एकच स्क्रिप्ट अनेक पडदे ओळीने टिपून देते.