उशिरा पोहोचलेला उद्या

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गडकोट, सनदा आणि लढाया उभ्या राहतात. परंतु माणसाने भविष्याविषयी जी स्वप्ने पाहिली, त्यांनाही इतिहास असतो. कोणते स्वप्न कोणी पाहिले, ते कोणापर्यंत पोहोचले, आणि पोहोचले तेव्हा त्याचे वय किती झाले होते, हे तपासू लागले म्हणजे मोठी गंमत वाटते. अशाच एका स्वप्नाची हकीकत यंदा वाचकांपुढे ठेवीत आहे.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर 'स्टार ट्रेक' नावाची मालिका सुरू झाली. जीन रॉडनबेरी हा तिचा जनक. तेविसाव्या शतकात 'एंटरप्राइझ' नावाचे यान ताऱ्याताऱ्यांतून हिंडते आहे. त्यावर कर्क नावाचा धाडसी कप्तान आहे आणि त्याच्या शेजारी टोकदार कानांचा, भावनेला जवळ फिरकू न देणारा स्पॉक आहे. तीन वर्षांत ७९ भाग झाले, आणि प्रेक्षक पुरेसे नाहीत म्हणून जून १९६९ मध्ये मालिका बंद पडली. दैवाची थट्टा पाहा. पुढच्याच महिन्यात, २० जुलैला, माणूस खरोखरच चंद्रावर उतरला!

ही मालिका मी प्रथम पाहिली ती अगदी अलीकडे, उन्हाळ्याच्या सुट्टीत. बाहेर नागपूरचा मे महिना, आत कूलरची घरघर, आणि पडद्यापुढे मी, पत्नी व सहावीतली लेक. पहिल्याच रात्री लेकीने निकाल दिला, "बाबा, हे दगड तर पुठ्ठ्याचे आहेत!" होते खरेच तसे. पण ज्याने दिवाळीनंतर गडचिरोलीकडे झाडीपट्टीचे नाटक रात्रभर जागून पाहिले आहे, त्याला पुठ्ठ्याच्या दगडांचे काय वाटणार? तेथेही रंगविलेल्या पडद्याला सुरकुत्या असतात, आणि तरीही पहाटेच्या थंडीत बायाबापड्यांचे पदर डोळ्यांना लागतात. तिसऱ्या रात्री लेकही दगड विसरली.

मला मात्र दगडांपेक्षा यानावरची माणसे अधिक पाहण्यासारखी वाटली. संदेशयंत्रावर उहुरा नावाची कृष्णवर्णी स्त्री. सुकाणूवर जपानी वंशाचा सुलू. दुसऱ्या वर्षापासून त्याच्या शेजारी चेकॉव्ह नावाचा रशियन. त्या काळी अमेरिका व रशिया एकमेकांवर अस्त्रे रोखून बसली होती, आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय माणूस समान हक्कांसाठी झगडत होता. सुलूचे काम करणारा जॉर्ज ताकेई तर लहानपणी, दुसऱ्या महायुद्धात, केवळ जपानी वंशाचा म्हणून कुटुंबासह अमेरिकेच्याच छावणीत डांबला गेला होता. उहुराचे काम करणाऱ्या निशेल निकोल्स हिने पहिल्या वर्षानंतर मालिका सोडावयाचे ठरविले होते. तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग ह्यांनी आपली समजूत घातली, असे ती पुढे अनेकदा सांगत असे. आपल्या माणसांना आपण उद्याच्या जगात आहोत हे दिसले पाहिजे, असे त्या थोर पुरुषाला वाटत होते.

हे सारे मी घरात मास्तरी थाटात सांगत असताना लेकीने विचारले, "बाबा, ह्या यानावर आपलं कुणीच नाही का?"

शोध घेतला तेव्हा दोघे हाती लागले. पहिला खान नूनियन सिंग. फेब्रुवारी १९६७ मधील एका भागात तो येतो. हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा, असे त्यात म्हटले आहे. प्रयोगशाळेत घडविलेला हा बलाढ्य हुकूमशहा १९९० नंतरच्या दशकात पृथ्वीचा चौथा हिस्सा बळकावून बसलेला दाखविला आहे! ते दशक आपण सर्वांनी पाहिले. त्यात असा कोणी निघाला नाही. भूमिका मात्र मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मॉन्टलबान ह्या नटाने केली. दुसरी जानेवारी १९६९ मधील एका भागापुरती सुकाणूवर बसलेली अधिकारी. तिचे नाव राहदा; लिहिणाऱ्याच्या मनात राधा असावी. पुढे १९७९ साली त्या मालिकेवर चित्रपट निघाला, तेव्हा आपल्या मुंबईची पर्सिस खंबाटा, १९६५ ची मिस इंडिया, त्यात डोक्यावरचे सगळे केस उतरवून झळकली. पण तेथेही ती आली ती परग्रहावरची स्त्री म्हणून!

लेखकाला जे दिसते ते तो लिहितो. त्याला दोष देऊन काय उपयोग? १९६६ साली आपण जगाला कसे दिसत होतो? जानेवारीत ताश्कंदला शास्त्रीजी गेले, त्याच महिन्यात विमान अपघातात होमी भाभा गेले. दुष्काळ होता आणि गहू अमेरिकेहून येत होता. दूरचित्रवाणी होती ती फक्त दिल्लीत. नागपूरकरांचा सोबती रेडिओ. परंतु त्याआधी तीन वर्षे, २१ नोव्हेंबर १९६३ रोजी, केरळातील थुंब्याहून अग्निबाण उडाला होता. तेथील चर्चमध्ये कचेरी होती आणि अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेले जात. स्वप्न आपल्याकडेही होते, फक्त ते पुठ्ठ्याचे नव्हते.

ह्या स्वप्नाचा एक धागा विज्ञानकथेकडूनच आला आहे. पुढे विज्ञानकथांनी जगप्रसिद्ध झालेल्या आर्थर क्लार्क ह्यांनी १९४५ साली एका लेखात मांडले होते की, विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीच्याच गतीने फिरेल, खालून एके जागी स्थिर दिसेल, आणि असे तीन उपग्रह साऱ्या जगाला संदेश पोहोचवतील. विक्रम साराभाईंनी हीच कल्पना आपल्या खेड्यांसाठी उचलली. ते १९७१ साली गेले, पण १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेतीचे, आरोग्याचे कार्यक्रम दिसू लागले. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण ज्या रायपूरचा कारभार १९५६ पर्यंत नागपूरहून चाले, त्या भागातील खेडी होती. म्हणजे राजधानी म्हणून मिरविलेल्या आमच्या शहराआधी छत्तीसगडच्या शेतकऱ्याने हा पडदा पाहिला! कोलंबोस राहणाऱ्या क्लार्कच्या घरीही भारतीय अभियंत्यांनी तबकडी बसवून दिली होती.

पुढे ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी वर गेला, गावोगावी प्रक्षेपक उभे राहिले, आणि त्याच दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' दिसू लागली. अवकाशाची गोष्ट अवकाशातूनच आपल्या अंगणात उतरली. आमच्या घरी संच नव्हता. शेजाऱ्यांच्या खिडकीतून पुढे रामायण तेवढे पाहिले, म्हणून हा योग लांबला.

आता लेकीच्या प्रश्नाचे खरे उत्तर. ज्या १९६६ साली ती मालिका निघाली, त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. ह्या परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' नावाची कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिले पारितोषिक मिळाले, आणि मग कळले की हे जगताप म्हणजे प्रत्यक्ष जयंत विष्णु नारळीकर! आपल्या नावाचे वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी आद्याक्षरे उलटी करून नाव घेतले होते. पुढे २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २० मे २०२५ रोजी ते गेले. दुसऱ्याच्या यानावर आपली जागा शोधीत न बसता त्यांनी मराठीत स्वतःचे यान बांधले, आणि मराठी मुलाला त्यात खिडकीशेजारची जागा दिली.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा मी वर्गाला निबंध घातला, 'तेविसाव्या शतकातील नागपूर'. बऱ्याच जणांनी उंच इमारती आणि उडत्या मोटारी लिहिल्या. एकाने लिहिले की, मंगळाहून येणारे यान अंबाझरी तलावाकाठी उतरेल, त्याची कप्तान माझी धाकटी बहीण असेल, आणि उतारूंना आधी तर्री-पोहे मिळतील. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. मी त्याला दहापैकी नऊ गुण दिले.