मक्केतील कॉफीबंदी (इ.स. १५११) : हलाल व हराम यांमधील संदिग्ध क्षेत्र

इस्लामी धर्मशास्त्रात हलाल (अनुमत) व हराम (निषिद्ध) यांच्या दरम्यानच्या संशयास्पद बाबींना 'मुश्तबिहात' म्हणतात. नुमान इब्न बशीर यांनी कथन केलेल्या हदीसनुसार अशा बाबी टाळणारा आपला धर्म व अब्रू सुरक्षित राखतो. हे व्यक्तीच्या सावधगिरीचे तत्त्व होय. त्याआधारे सर्वांवर बंदी घालता येते काय, हा प्रश्न कॉफीच्या निमित्ताने उपस्थित झाला.

पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी रात्रीच्या उपासनेत जागे राहण्यासाठी कॉफी घेत. हे पेय मक्केत रुजल्यावर इ.स. १५११ मध्ये तेथील मुहतसिब खैर बेग याने धर्मशास्त्रज्ञांची सभा भरवली. निषेधाचा पुरावा मिळेपर्यंत वस्तू मूलतः अनुमतच असते, हे सभेस मान्य होते. परंतु कॉफी अपायकारक असल्याची साक्ष वैद्यांनी दिली आणि ती निषिद्ध ठरली. साठे जाळले गेले, विक्रेत्यांना शिक्षा झाल्या. पुढे कैरोहून आलेल्या फर्मानात मात्र पेयावर सरसकट बंदी नव्हती. आक्षेप कॉफीपानाच्या बैठकांवर होता.

तात्पर्य, संशय पेयापेक्षा लोकांच्या एकत्र येण्याविषयी अधिक होता. स्वतःपुरता पाळावयाचा संयम सत्तेच्या हाती गेला की त्याचे नियंत्रणात रूपांतर होते, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.