आणि, किंवा, वगळून

हजारो कागदांतून नेमका कागद हुडकण्याची जी रीत आज संगणकावर चालते, तिचा पाया एका कारागिराच्या मुलाने घातला. जॉर्ज बूल १८१५ साली इंग्लंडातील लिंकन गावी जन्मला. बाप जोडे शिवणारा. घर चालविण्यासाठी सोळाव्या वर्षी तो मास्तरकीस लागला. भाषा व उच्च गणित तो आपल्या आपणच शिकला. १८४७ साली, दुकाने लवकर बंद व्हावीत म्हणून झगडणाऱ्या मंडळापुढे त्याने फुरसतीच्या सदुपयोगावर व्याख्यान दिले, आणि त्याच वर्षी तर्काला गणिताचे रूप देणारी पुस्तिका काढली. पदवी नसताही १८४९ साली तो आयर्लंडात कॉर्क येथे प्राध्यापक झाला. विचारांच्या नियमांवरील त्याचा मोठा ग्रंथ १८५४ चा.

वस्तूंच्या समूहाला एक अक्षर द्यावे. दोन्ही समूहांत असलेल्या वस्तू म्हणजे त्या अक्षरांचा गुणाकार, असे त्याने मांडले. विजेची बटणेही याच नियमांनी चालविता येतात, हे अमेरिकेत क्लॉड शॅनन याने १९३७ साली दाखविले, आणि यंत्राला 'आणि', 'किंवा', 'नाही' समजू लागले.

आम्हा कामगार चळवळीतल्या माणसांना याची गरज निवाडे शोधताना पडते. 'मुंबई आणि सोलापूरच्या गिरण्या' म्हटले की आपल्या बोलीत यादी वाढते. यंत्राचा 'आणि' मात्र ती घटवितो. दोन्ही गावांची नावे ज्यात असतील तेवढेच कागद तो देतो. आपणांस हवा असतो 'किंवा'. म्हणून 'कामगार किंवा मजूर किंवा श्रमिक' असे विचारावे. 'वगळून' तर फार जपून वापरावा. 'संप' वगळला, तर 'संप झाला नाही' असे लिहिलेला तडजोडीचा कागदही गेलाच!

शब्दाच्या शेवटी तारका घातली, की पुढे कोणतीही अक्षरे चालतात. 'गिरणी' एवढेच शोधले, तर 'गिरण्या' निसटण्याचा संभव. 'गिरण' लिहून तारका घातल्यास 'गिरणी', 'गिरण्यांत' सारे येतात. 'गिरणगाव'ही न बोलावता येते, ते आपण बाजूस सारावे.

हा केवळ विद्वानांचा खेळ नव्हे. 'असा निवाडा नाही' या एका वाक्यावर माणसाची थकलेली मजुरी बुडू शकते. कागद न सापडणे आणि कागद नसणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. तेव्हा पुढच्या वेळी असे उत्तर मिळाले, तर उठून जाण्यापूर्वी विचारावे: कोणते शब्द घालून शोधलेत?