खाली दोन माणसं: नोकरीच्या एका जाहिरातीचा इतिहास

२०१६च्या मे महिन्यात बदलापूर लोकलच्या दारापाशी चिकटवलेला एक कागद मी वाचला. ‘ऑफिस जॉब. कॉलेज विद्यार्थ्यांना प्राधान्य. १२ ते १८ हजार. अनुभवाची गरज नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर.’ खाली मोबाइल नंबर. कंपनीचं नाव नव्हतं.

इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष नुकतंच संपलं होतं. त्या कागदावर मला पगारापेक्षा ठिकाणाची भुरळ पडली. बदलापूरहून सीएसएमटी सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास लोकलमध्ये जातात. ‘कल्याणच्या अलीकडे नोकरी’ हे आमच्याकडे भाग्य समजलं जातं. लग्नाच्या स्थळाची माहिती सांगतानाही ते सांगतात.

मुलाखत उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये, दुकानांच्या वरच्या एका हॉलमध्ये झाली. टाय लावलेल्या, माझ्याच वयाच्या मुलानं तीन मिनिटांत चार प्रश्न विचारले आणि ‘तुमचं सिलेक्शन झालं’ म्हणून हात मिळवला. ट्रेनिंग आणि किटचे ३,५०० रुपये भरायचे होते. ते भरल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं, की काम घरोघरी जाऊन आरोग्याची पावडर विकण्याचं आहे, आणि पगार आपल्याखाली दोन माणसं आणल्यावर ‘सुरू होतो’.

मी एक आणला. अंबरनाथचा, शाळेपासूनचा मित्र. त्याच्या आईनं भिशीचे आलेले पैसे त्याला दिले. दुसरा मला मिळाला नाही. दोन महिन्यांनी त्या हॉलला कुलूप होतं.

पुढे नोकरीला लागल्यावर मी या प्रकाराचा इतिहास शोधून वाचू लागलो. खरं सांगायचं तर, आपण एकटेच मूर्ख नव्हतो एवढं मला हवं होतं.

विद्यार्थ्याला विक्रेता करण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत नॅशव्हिलची साउथवेस्टर्न ही कंपनी १८६८पासून कॉलेजच्या मुलांना सुट्टीत घरोघरी बायबल आणि पुस्तकं विकायला पाठवत आली. मुलगा नोकर नव्हता, स्वतंत्र विक्रेता होता. त्याचं नशीब त्याच्या पायांवर होतं, पण कमाई पुस्तक विकल्यावरच होत होती. आपल्याकडे १९८२मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सची टाय लावलेली मुलं व्हॅक्यूम क्लीनर दाखवायला घरात येत, ती याच जातकुळीतली. विक्री झाली तर झाली, नाहीतर पाणी पिऊन निघाली.

दुसरा धागा १९४५चा आहे. कॅलिफोर्नियात न्यूट्रिलाइट या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांसाठी एक नवी पद्धत निघाली: तुम्ही आणलेल्या विक्रेत्यानं माल विकला, तर त्यावर तुम्हालाही वाटा. त्याच जाळ्यातल्या दोघा विक्रेत्यांनी १९५९मध्ये अॅमवे काढली. यात माणूस आणणं हीच कमाई होऊ शकते, हे काहींच्या लगेच लक्षात आलं. १९७५मध्ये कोस्कॉट या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीच्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगानं पिरॅमिडची खूण सांगितली: सभासदाला मिळणारा मोबदला मालाच्या खऱ्या विक्रीशी संबंधित नसून नवी माणसं भरती करण्याशी जोडलेला असतो. १९७९मध्ये त्याच आयोगानं अॅमवे मात्र पिरॅमिड नाही असं ठरवलं. तेव्हापासून या धंद्यातला प्रत्येक जण त्या रेषेच्या आतल्या बाजूला उभा असल्याचं सांगतो.

भारतात ही गोष्ट चिट फंडांच्या वाटेनं आली. सत्तरच्या दशकात बक्षिसी चिट योजनांचं पेव फुटलं होतं. रिझर्व्ह बँकेनं १९७४मध्ये जेम्स राज यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. त्याच्या शिफारशीतून १९७८चा प्राइझ चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अॅक्ट आला. नवे सभासद आणण्यावर झटपट पैसा मिळण्याचं आश्वासन देणारी योजना त्यानं गुन्हा ठरवली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इथे भिशीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्याकडे चाळीत, इमारतीत, कारखान्याच्या डिपार्टमेंटमध्ये भिशी असते. दहा-बारा ओळखीची माणसं, दर महिन्याला ठरलेली रक्कम, आळीपाळीनं एकाला सगळे पैसे. पैसा गोल फिरतो आणि शेवटी प्रत्येकाला आपले तेवढेच परत मिळतात. पिरॅमिडमध्ये पैसा फक्त वर जातो. पण आत शिरण्याचं दार दोन्हीकडे तेच असतं: ओळख. ‘आपल्यातलाच आहे’ हे वाक्य भिशीत तारण असतं आणि पिरॅमिडमध्ये भांडवल. मित्राच्या आईनं पैसे दिले ते कंपनी बघून नाही, मला बघून.

१९७८च्या कायद्यापुढे योजनांनी वेश बदलले. २०१०-११मध्ये सिंगापूरची म्हणवणारी स्पीकएशिया आली. वर्षाचे ११,००० रुपये भरा, घरबसल्या सर्वेक्षणं भरा, प्रत्येकी ५०० रुपये मिळवा. म्हणजे गुंतवणूक ‘काम’ म्हणून विकली गेली. २०११मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेनं तिचा तपास हाती घेतला. मग ऑगस्ट २०१९मध्ये सायबराबाद पोलिसांनी नोएडाच्या ई-बिझ कंपनीच्या प्रमुखाला अटक केली. १६,८२१ रुपयांचं संगणक-शिक्षणाचं पॅकेज घ्यायचं आणि मग इतरांना घ्यायला लावायचं, अशी ती साखळी. पोलिसांच्या म्हणण्यानुसार सतरा लाखांच्या आसपास माणसं त्यात होती, आणि मुख्य सावज कॉलेजचे विद्यार्थी.

हा क्रम मांडून बघितला की एक गोष्ट दिसते. सुरुवातीला समोरचा माणूस ठेवीदार होता, मग ग्राहक झाला, शेवटी उमेदवार झाला. ठेवीदारासाठी महाराष्ट्रात १९९९चा एमपीआयडी कायदा आहे. ग्राहकासाठी डिसेंबर २०२१मध्ये थेट विक्रीचे नियम आले. त्यांनी पिरॅमिडवर बंदी घातली आणि विक्रेत्याशी लेखी करार बंधनकारक केला. विक्रेत्याकडून प्रवेश फी घेऊ नये, हे तर २०१६च्या मार्गदर्शक सूचनांमध्येच होतं. पण फाइल घेऊन मुलाखतीला आलेला मुलगा स्वतःला ठेवीदारही समजत नाही आणि ग्राहकही. तो नोकरी मागायला आलेला असतो. आपल्याला फसवलं, याहून आपण कमी पडलो असंच त्याला वाटतं, कारण ट्रेनिंगमध्ये तेच शिकवलेलं असतं. पोलीस ठाण्यात जायला आधी आपण गिऱ्हाईक होतो हे मान्य करावं लागतं. फसवणुकीचं कलम त्यालाही लागू असतं, पण ३,५०० रुपयांसाठी ते वापरायला कोण जातो?

या पट्ट्यात हा कागद इतका का चिकटतो, याचंही उत्तर इतिहासात आहे. उल्हासनगर म्हणजे कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ला गावाला आजचं नाव मिळालं. पापड-लोणची, मिळेल तो माल दारोदार आणि लोकलमध्ये विकून त्या पिढीनं घरं उभी केली. त्यामुळे ‘विकायला लाज कसली’ हे इथे सुभाषित नाही, अनुभव आहे. अंबरनाथला विमको, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि एमआयडीसीनं कायम नोकरीची आशा लावली. माझ्या वडिलांच्या वाट्याला मात्र त्याच एमआयडीसीत कंत्राटदाराची हजेरी आली. बदलापूरची वस्ती २००१ ते २०११मध्ये सुमारे एक लाखावरून पावणेदोन लाखांवर गेली, काम मात्र मुंबईतच राहिलं. विक्रीचा मान, कायम नोकरीची भूक आणि लोकलचा कंटाळा या तिन्ही गोष्टी त्या जाहिरातीनं चार ओळींत बसवल्या होत्या.

गणित तेव्हा करायला हवं होतं. शिकत तर तेच होतो. एकाखाली दोन, दोघांखाली चार, असं गेलं तर विसाव्या ओळीत १०,४८,५७६ माणसं लागतात. २०११च्या जनगणनेत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर मिळून दहा लाखही नव्हते. तान्ही मुलं आणि म्हातारे धरूनसुद्धा तिन्ही शहरं विसाव्या ओळीला पुरत नाहीत. हॉलमधल्या फळ्यावर हेच झाड काढलं होतं, पण पाचव्या ओळीनंतर खडू थांबायचा आणि टाळ्या सुरू व्हायच्या.

२०१९मध्ये पहिला पगार झाल्यावर मी मित्राच्या घरी गेलो आणि काकूंच्या हातात ३,५०० रुपये ठेवले. मित्र खाली मान घालून मोबाइल बघत होता. तीन वर्षांत आम्ही या विषयावर एक शब्द बोललो नव्हतो. काकूंना आधी कळेचना. मग त्या म्हणाल्या, “अरे, तू त्याला नोकरी लावलीस ना? त्याला नाही टिकवता आली, त्यात तुझं काय?”

पाकीट त्यांनी घेतलं नाही. ती नोकरी नव्हतीच, हे सांगायला मला त्या दिवशी अर्धा तास लागला. मित्रानं मोबाइल कधी बाजूला ठेवला, ते माझ्या लक्षात आलं नाही.