शाकारणी, हक्कसोड आणि कलम 23

दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक ग्रामीण कथा शिकवताना ‘शाकारणी’ या शब्दापाशी तास अडला. कोकणातून आलेल्या दोघींना तो ठाऊक होता. पुण्याच्या पेठांत जन्मलेल्या एकालाही नव्हता. यात नवल नाही. जेथे कौलेच उरली नाहीत, तेथे पावसाळ्याआधी ती उतरवून, फुटकी वेगळी काढून पुन्हा चढवण्याच्या कामाचा शब्द कशाला उरावा? पण तो शब्द केवळ छपराचा नव्हता. घराची दुरुस्ती ही दरवर्षीची, घरच्यांनी मिळून करावयाची गोष्ट आहे, असे एक गृहीत त्यात होते. ते गृहीत पुण्याच्या वाड्यांत कसे मोडले, याचे ठरलेले उत्तर ‘बिल्डर आले आणि वाडे गेले’ असे दिले जाते. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. बिल्डर आला तेव्हा वाडा दुरुस्त करण्याचा अधिकार आणि तो करावा असे वाटण्याचे कारण, या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या हाती उरलेल्याच नव्हत्या.

वाड्याची रचना आठवून पाहावी. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, मधल्या भिंती विटांच्या किंवा मातीच्या. भार प्रामुख्याने लाकडावर. मोजमाप खणांचे, म्हणजे दोन खांबांमधल्या अंतराचे. ‘दोन खणी खोली’ असे आमची आजी सहज म्हणे. अशा घराला वैरी दोन, पाणी आणि वाळवी. कौल सरकले की पाणी भिंतीत उतरते आणि भिंतीत बसलेले तुळईचे टोक कुजू लागते. वेळीच पाहिले तर एक कौल बदलून भागते. दहा वर्षे पाहिले नाही तर तुळई जाते, तिच्यामागून वरचा मजला. म्हणजे वाड्याला एकदम मोठा पैसा नको असतो, त्याला सतत थोडे लक्ष हवे असते.

हे लक्ष प्रथम सुटले ते भाड्याच्या कायद्यामुळे. पेशवाईनंतर अनेक वाड्यांच्या खोल्या हळूहळू भाड्याने गेल्या होत्या. युद्धकाळातील टंचाईमुळे भाडी गोठवण्याचा प्रघात मुंबई इलाख्यात 1918 पासूनचा. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हे प्रमाण मानले. हेतू रास्त होता. या कायद्याने असंख्य कारकुनांना आणि शिक्षकांना शहरात डोके टेकवायला जागा मिळाली, हे विसरून नुसती घरमालकांची रडगाणी गाण्यात अर्थ नाही. पण याच कायद्याच्या 23 व्या कलमाने घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले होते. भाडे 1940 चे, सागवान मात्र चालू बाजारभावाचे! मालकाला वाडा पडण्याची घाई झाली आणि भाडेकरूला परक्याचे घर सावरण्यात रस नव्हता. मुंबईच्या जुन्या इमारतींसाठी 1969 मध्ये उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ कायद्याने निर्माण झाले. पुण्याच्या वाड्यांना तसे छत्र लाभले नाही. गोठलेले भाडे काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1997 मध्ये म्हटले. 31 मार्च 2000 रोजी लागू झालेल्या नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढ दिली. आमच्या एका भाडेकरूंचे भाडे तोवर महिना बारा रुपये होते. त्यावर चार टक्के!

आता आमच्याच वाड्याकडे येतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि नदीकाठच्या पेठांत शिरलेल्या पाण्याने मातीच्या भिंती विरघळवल्या. आमच्या वाड्याचा मागचा सोपा बसला. पुढचा चौक आणि माडी तगली. आजोबांनी पुढच्या वर्षभरात सोपा पुन्हा उभा केला. त्या कामाच्या खर्चाची वही 2016 मध्ये माजघरातल्या फडताळात आम्हाला सापडली. चुना, विटा, सुताराची मजुरी, गवंड्यांच्या चहाचे पैसेसुद्धा. जमेच्या बाजूला आजोबांची उचल, थोरल्या काकांचे शंभर रुपये आणि एक ओळ : ‘सौ. ताईच्या पाटल्या गहाण, रु. 250’. ताई म्हणजे माझी आत्या. तेव्हा तिचे लग्न होऊन चार वर्षे झाली होती. पाटल्या सोडवल्याची नोंद वहीत कोठेही नाही.

आजोबा 1974 मध्ये गेले. त्याच वर्षी आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली आणि साडीचोळी घेऊन ती सासरी परतली. हे सर्वत्र असेच चाले. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वाटा दिला होता खरा. पण त्याच कायद्याच्या 23 व्या कलमाने (हा आकडा योगायोगाचा, तरी मनातून जात नाही) असे ठरवले की, राहत्या घरात पुरुष वारस नांदत असतील तर ते वाटणी करीपर्यंत मुलीला ती मागता येणार नाही. राहण्याचा हक्कही अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा नवऱ्यापासून विभक्त झालेल्या मुलीलाच. हे कलम 2005 मध्ये रद्द झाले. महाराष्ट्राने 1994 मध्येच मुलींना सहदायाद केले होते, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. रीतसर नोंदवलेले हक्कसोडपत्र यातल्या कोणत्याच सुधारणेने पुसले जात नाही.

महेश एलकुंचवारांचे ‘वाडा चिरेबंदी’ (1985) शिकवताना आपण भास्कर आणि सुधीर या भावांमधल्या ताणावर बराच वेळ देतो, प्रभावर कमी. मीही वर्षानुवर्षे तसेच केले. वही सापडल्यानंतरच्या सत्रात ते मला जमले नाही.

दरम्यान शब्दही बदलत गेले. 1963 च्या मालकी हक्काच्या सदनिकांविषयीच्या कायद्यानंतर ‘फ्लॅट’ ही रीतसर विकत घेण्याची वस्तू झाली आणि खणांची जागा चौरस फुटांनी घेतली. खण वाटता येत असत, पण तुळई दोघांची सामाईकच राहत असे. चौरस फुटाला अशी अडचण नाही. ‘इस्टेट’ची ‘प्रॉपर्टी’ झाली. आणि ‘वाडा बिल्डरला दिला’ या वाक्प्रयोगातले क्रियापद पाहा : मुलगी देतात, तसा.

आमच्याकडेही प्रस्ताव आला होता. तिन्ही भावांच्या घरांतली सात माणसे 2016 च्या उन्हाळ्यात ओसरीवर बसली. कोथरूडच्या चुलतभावाने विचारले, “दुरुस्तीत घातलेला पैसा परत कसा येणार? तेवढ्यात एक खोली बुक होईल.” प्रश्न लबाडीचा नव्हता, त्याला दोन मुलींची शिक्षणे करायची होती. अखेर पुढच्या चौकापुरते काम करायचे ठरले, तेही कोणाचे मन पूर्णपणे न वळता. सुताराने भिंत उकरली तेव्हा चार तुळयांची टोके भुसा झालेली निघाली. 1980 च्या दशकात कधीतरी ‘मजबुती’साठी त्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला होता. चुन्याच्या भिंतीतून ओल बाहेर पडते. सिमेंटने ती आत कोंडली. तीस वर्षे ती भिंत बाहेरून उत्तम दिसत होती.

वहीतली ती ओळ मी बैठकीत वाचून दाखवली. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकजण म्हणाला, “हक्कसोड रजिस्टर आहे, विषय संपला.” कायद्याने त्याचे म्हणणे बरोबर होते. आत्या 2009 मध्ये गेली. तिच्या थोरल्या मुलीला, माझ्या आतेबहिणीला, मी त्या रात्री फोन केला. पाटल्यांचे तिला ठाऊक नव्हते. बराच वेळ ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, “तुळया बदलताय ना? मग खर्चात माझा वाटा किती धरायचा ते सांग.” मी म्हटले, “ताई, अगं, तुझा हिस्सा कुठे आहे यात?” ती म्हणाली, “हिश्श्याचं कुठे विचारलं मी?”

खर्चाच्या नव्या वहीत चार घरांची नावे आहेत, मालमत्ता पत्रकावर तीन. चौकाचे काम पुरे झाले. माडीचे राहिले आहे, आणि त्यासाठी पुन्हा सगळ्यांना ओसरीवर बसवावे लागेल. या वेळी तिलाही बोलावले आहे.